नक्कल उतरली, पण नाटक कुठे झालं? जनुकांच्या कामाचा दुसरा अंक

शेजारचे भाई परवा संध्याकाळी फाइल काखोटीला मारून आले आणि आमच्या सोप्यावर बसले. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट घातलाय. गोळ्या नियमाने चालू आहेत, तरी कोलेस्टेरॉल हवं तेवढं उतरत नाही.

"टीचर, डॉक्टरांनी एक नवीन इंजेक्शन सांगितलंय. वर्षातून दोनदाच घ्यायचं. मुलगा म्हणतो, ते जनुक बंद करतं. आता या वयात माझं जनुक बंद केलं आणि भलतंच काही झालं तर? ते नातवंडांत उतरलं तर?"

फोंड्याच्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. भाईंचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण तो एका शब्दाच्या गैरसमजावर उभा होता. ते इंजेक्शन जनुकाला हातही लावत नाही. ते जनुकाची नक्कल फाडतं. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे कळायला पेशीत नक्कल उतरल्यानंतर काय काय घडतं ते पाहावं लागतं. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान होतं. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच अर्ध्या पानातल्या एका शोधाला मिळालं.

संहिता कपाटात, नक्कल हातात

कालोत्सवाला नाटक करणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाचं उदाहरण घ्या. मूळ संहिता मंडळाच्या कपाटात कुलपात असते. ती कोणी तालमीला आणत नाही. तिच्यावरून प्रत्येक नट आपल्या भूमिकेची नक्कल उतरवून घेतो आणि ती पाठ करतो. नक्कल हरवली, भिजली, तिच्यावर चहा सांडला तरी बिघडत नाही, दुसरी उतरवता येते.

पेशीचंही असंच असतं. डीएनए ही मूळ संहिता, ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली. ती पेशीच्या केंद्रकात, म्हणजे कुलपाच्या कपाटात असते. तिच्यातला एकेक प्रवेश म्हणजे जनुक. माणसात प्रथिनं घडवणारी अशी सुमारे वीस हजार जनुकं आहेत. जनुकावरून जी प्रत उतरते तिला एमआरएनए म्हणतात. मी तिला इथून पुढे नक्कलच म्हणणार आहे. ही नक्कल केंद्रकातून बाहेर येते, बाहेरची यंत्रं ती वाचतात आणि तिच्याबरहुकूम प्रथिन घडवतात. रंगमंचावर प्रत्यक्ष काम करतं ते प्रथिन: रक्तातलं हिमोग्लोबिन, अन्न पचवणारी विकरं (एन्झाइम), स्नायूंचे तंतू.

यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी यांच्याकडे संहिता एकच असते. कुठल्या पेशीने कुठल्या प्रवेशाची नक्कल उतरवायची, हा पहिला निर्णय. बहुतेक लोकांना, आणि खरं सांगायचं तर पूर्वी बहुतेक शास्त्रज्ञांनाही, सगळा कारभार इथेच ठरतो असं वाटायचं. पण पेशीतल्या नुसत्या नकला मोजून प्रथिन किती असेल याचा नेमका अंदाज बांधता येत नाही. नकला भरपूर आणि प्रथिन नगण्य, किंवा नकला तेवढ्याच राहून प्रथिन एकदम वाढलेलं, असं दोन्ही दिसतं. अर्थात मधे कोणीतरी निर्णय घेत असतं.

पहिली कात्री

संहितेवरून उतरलेली पहिली नक्कल कच्ची असते. तिच्यात कामाचा मजकूर सलग नसतो. मधे मधे भराव असतो. हे १९७७ मध्ये उघडकीला आलं तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. त्यासाठी रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना १९९३ चं नोबेल मिळालं. पेशी केंद्रकातच हा भराव कापून टाकते आणि कामाचे तुकडे जोडते. कुठे कापायचं याच्या खुणा नकलेतल्याच अक्षरांत असतात.

या कात्रीचा एक फायदा असा की एकाच कच्च्या नकलेतून वेगवेगळ्या पक्क्या नकला तयार होऊ शकतात. तीन अंकी नाटक स्पर्धेसाठी बसवताना दिग्दर्शक एखादा प्रवेश गाळतो, दुसऱ्या प्रयोगात तोच ठेवतो, तसं. माणसाच्या जवळजवळ सगळ्या बहुतुकडी जनुकांत असं होतं. वीस हजार जनुकांतून त्याहून कितीतरी जास्त प्रकारची प्रथिनं कशी बनतात, त्याचं मोठं उत्तर इथे आहे.

पण कात्री चुकली तर? थॅलेसिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, झालेलं मूल असलेल्या आईवडिलांना हा प्रश्न फार जवळचा आहे. भारतात बीटा थॅलेसिमियाला कारण ठरणारा सर्वांत जास्त आढळणारा दोष कामाच्या मजकुरात नाहीच. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या भरावातलं पाचवं अक्षर बदललेलं असतं, 'जी'च्या जागी 'सी'. बस्स, एवढंच. प्रथिन कसं घडवायचं याची एकही ओळ बिघडलेली नसते. बिघडते ती 'इथे काप' ही खूण. कात्री बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी चालते, तयार नकला निकामी निघतात आणि बाळाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जो भाग शेवटी कापूनच टाकायचा, त्यातल्या एका अक्षराने आयुष्य कसं उलटंपालटं होतं, हे वर्गात शिकवताना दरवेळी माझा आवाज जड व्हायचा. (आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक आहे की नाही हे रक्ताच्या साध्या तपासणीने समजतं. लग्नाची बोलणी करताना पत्रिका पाहता, ती पाहाच, पण ही तपासणीही करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती.)

कात्रीला पुन्हा वळण लावता येतं, हेही आता सिद्ध झालंय. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आजारात बाळांचे स्नायू दुबळे होत जातात, कारण एसएमएन१ नावाचं जनुक नसतं किंवा बिघडलेलं असतं. निसर्गाने माणसाला त्याचं जुळं भावंड दिलंय, एसएमएन२. पण एका अक्षराच्या फरकामुळे त्याच्या नकलेतून सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळला जातो आणि प्रथिन टिकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं नुसिनर्सेन हे औषध त्या नकलेला चिकटतं आणि सातवा तुकडा गाळू देत नाही. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचावं लागतं. २०२० मध्ये आलेलं रिस्डिप्लाम तोंडाने घेता येतं. वर्तमानपत्रांत याचं नाव आलं ते अफाट किमतीमुळे. २०२५ मध्ये त्याच्या पेटंटचा वाद रंगला आणि भारतीय कंपनीला त्याचं जेनेरिक रूप विकण्यापासून रोखायला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला. त्या बातम्यांत रुपयांचे आकडे ठळक होते; औषध करतं काय, ते मात्र फारसं कुठे आलं नाही. ते एवढंच करतं: दिग्दर्शकाने गाळलेला प्रवेश नकलेत परत घ्यायला लावतं.

नकलेचं आयुष्य

कापून जोडलेल्या नकलेच्या पुढच्या टोकाला टोपी बसते, मागच्या टोकाला एकाच अक्षराची लांबलचक शेपटी लागते. पेशीत नकला कुरतडणारी विकरं सतत फिरत असतात. शेपटी झिजत गेली, टोपी निघाली की नक्कल संपली.

काही नकला काही मिनिटांत नष्ट होतात. सूज आणणारे संदेश देणाऱ्या प्रथिनांच्या नकला याच जातीच्या, कारण जंतू आल्यावर सूज हवी, पण ती लगेच आवरताही आली पाहिजे. टीएनएफ नावाच्या अशा एका प्रथिनाच्या नकलेत शेपटीजवळ 'मला लवकर संपवा' असं सांगणारा अक्षरांचा पट्टा असतो. उंदरांतून तो पट्टा काढून टाकला, तर त्यांना सांधेदुखी आणि आतड्याची सूज जडली. जनुक शाबूत, प्रथिनाची रचना शाबूत. नक्कल वेळेवर मेली नाही, म्हणून आजार.

दुसऱ्या टोकाला हिमोग्लोबिनच्या नकला आहेत. तांबडी पेशी तयार होताना आपलं केंद्रक चक्क बाहेर टाकून देते. कपाटच गेलं, नवी नक्कल उतरणार कुठून? तरीही पुढचे एक-दोन दिवस ती कोवळी पेशी हिमोग्लोबिन बनवत राहते, ते जपून ठेवलेल्या टिकाऊ नकलांवर.

असंच काहीसं तुम्ही पावसाच्या तोंडावर पाहिलंही असेल. भाताचं बियाणं भिजवून गोणपाटात बांधून, वर वजन ठेवून देतात. गाठ सोडली की आतून उबट, दमट वास येतो आणि प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरा मोड दिसतो. हा मोड कुठल्या नकलेवर फुटला? दाणा गेल्या हंगामात शेतात वाळत होता, तेव्हाच नकला उतरवून ठेवलेल्या होत्या. त्या महिनोन् महिने कणगीत कोरड्या पडून राहिल्या. प्रयोगात नवीन नकला उतरवण्याची प्रक्रिया औषधाने बंद केली तरी भाताचा दाणा अंकुरायला लागतो. नकला वाचण्याची प्रक्रिया बंद केली तर मात्र अंकुर येत नाही. पाणी मिळताच वाचायला सुरुवात, इतकी तयारी दाण्यात आधीच असते.

लोखंडाची गोष्ट

या सगळ्यात मला सर्वांत देखणी वाटते ती लोहाची व्यवस्था. तिच्यासाठी थोडा जास्त वेळ घेते.

रक्ताच्या रिपोर्टवर 'फेरिटिन' हा शब्द पुष्कळांनी वाचला असेल. फेरिटिन म्हणजे पेशीतली लोहाची कणगी. तो प्रथिनाचा पोकळ गोळा असतो. एका गोळ्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. पेशीच्या दारावर वेगळं प्रथिन असतं, ते रक्तातून येणारं लोह आत घेतं. त्याला आपण दारावरचा माणूस म्हणू.

आता घरात धान्य संपत आलं की शहाणी गृहिणी काय करते? नव्या कणग्या करत बसत नाही, आणि दारावर जो येईल त्याच्याकडून धान्य घ्यायला माणसं वाढवते. धान्य उतू जायला लागलं की उलट: कणग्या वाढवते, दारावरची माणसं कमी करते. पेशीला हेच करायचंय, तेही ताबडतोब.

फेरिटिनच्या नकलेच्या सुरुवातीला, टोपीजवळ, अक्षरांचा एक छोटा वळसा असतो, केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला. १९८७ मध्ये तो ओळखला गेला. पेशीत लोह कमी असलं की एक पहारेकरी प्रथिन येऊन या आकड्याला घट्ट धरून बसतं. वाचणारं यंत्र पुढे सरकूच शकत नाही. नकला भरपूर तयार असतात, पण कणग्या बनत नाहीत. लोह वाढलं की पहारेकरी हात सोडतो आणि तयार पडलेल्या नकलांवरून कणग्या पटापट घडू लागतात.

आता गंमत पाहा. दारावरच्या माणसाच्या नकलेतही असेच आकडे आहेत, पण शेवटाकडे, शेपटीच्या बाजूला. लोह कमी असलं की तोच पहारेकरी तिथेही जाऊन बसतो. तिथे मात्र त्याच्यामुळे वाचन अडत नाही. उलट कुरतडणाऱ्या विकरांपासून नकलेचं रक्षण होतं, ती जास्त टिकते आणि दारावर जास्त माणसं उभी राहतात. पहारेकरी एक, पकड तीच. नकलेच्या डोक्याशी बसला तर काम थांबवतो, पायाशी बसला तर काम वाढवतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. काही कुटुंबांत फेरिटिनच्या नकलेतल्या त्या आकड्यातलंच एखादं अक्षर बदललेलं असतं. पहारेकऱ्याला पकड मिळत नाही, म्हणून गरज नसतानाही फेरिटिन बनत राहतं. अशा माणसाच्या रिपोर्टवर फेरिटिन खूप वाढलेलं दिसतं, पण अंगात लोह जास्त नसतं. आणि तरुणपणीच डोळ्यांत मोतीबिंदू होतो. हा आजार १९९५ मध्ये ओळखला गेला. हे ठाऊक नसेल तर लोह वाढलंय असं समजून त्याचं रक्त काढण्याचा उपचार होऊ शकतो आणि त्याला उगाच पंडुरोग होऊ शकतो.

बावीस अक्षरांची चिठ्ठी

आता नोबेलकडे. माती-पालापाचोळ्यात राहणारी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची एक अळी आहे, खरं तर सूत्रकृमी. तिच्या एका दोषात वाढीचे टप्पे चुकतात. बालपणीचाच टप्पा ती पुन्हा पुन्हा गिरवते. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस त्या दोषाला जबाबदार असलेलं जनुक शोधत होते. सापडलं ते इतकं छोटं की त्यातून कुठलंच प्रथिन बनत नव्हतं. बनत होता फक्त आरएनएचा, म्हणजे नक्कल ज्या पदार्थाची असते त्याचाच, बावीस अक्षरांचा तुकडा. गॅरी रव्हकन त्याच अळीच्या दुसऱ्या एका जनुकावर काम करत होते. १९९२ मध्ये दोघांनी आपापली अक्षरं जुळवून पाहिली आणि दिसलं की अ‍ॅम्ब्रोस यांचा छोटा तुकडा रव्हकन यांच्या नकलेच्या शेवटाकडच्या अक्षरांशी जुळतो. म्हणजे ही चिठ्ठी नकलेला जाऊन चिकटते आणि तिचं वाचन थांबवते. १९९३ मध्ये दोघांचे शोधनिबंध एकाच अंकात छापून आले.

त्यानंतर बरीच वर्षं फारसं कोणी लक्ष दिलं नाही. अळीतली एक विचित्र गोष्ट, असंच सगळ्यांनी धरलं. २००० मध्ये रव्हकन यांना अशी दुसरी चिठ्ठी सापडली आणि ती माशीपासून माणसापर्यंत जवळपास सगळ्या प्राण्यांत निघाली. तेव्हा कुठे जग जागं झालं. या चिठ्ठ्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. माणसात त्या शेकडो प्रकारच्या आहेत. एक चिठ्ठी अनेक नकलांना आवरते आणि एकेका नकलेवर अनेक चिठ्ठ्या येऊन बसतात. बहुतेक वेळा त्या काम पूर्ण बंद करत नाहीत, आवाज थोडा खाली करतात, तालमीत दिग्दर्शक हाताने खूण करतो ना, तसा.

नकलेतच अक्षर बदललं तर

याचं एक उदाहरण आपल्या जेवणातल्या नारळाच्या रसाशी जोडलेलं आहे. आतड्याला स्निग्ध पदार्थ बांधून रक्ताकडे पाठवायला एक प्रथिन लागतं, यकृतालाही लागतं. दोघांचं जनुक एकच. पण आतडं नकलेतलं ६६६६ वं अक्षर बदलतं, आणि त्या जागी 'इथे थांब' अशी खूण तयार होते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; यकृतात ४५३६ दुव्यांचं प्रथिन बनतं, आतड्यात तेच २१५२ दुव्यांवर संपतं.

यात आपण नवशिके आहोत. मासळी बाजारात मिळणाऱ्या माणक्यांच्या आणि ऑक्टोपसच्या कुळातले प्राणी मज्जातंतूंच्या नकलांत हजारो ठिकाणी अक्षरं बदलतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑक्टोपसच्या टाकीतलं पाणी थंड केल्यावर हे बदल काही तासांत वाढू लागल्याचं दिसलं. थंडी आली म्हणून संहिता बदलायची गरज पडली नाही.

पण एवढी खटपट कशाला?

जनुकच चालू-बंद केलं तर भागणार नाही का, असं विद्यार्थी हमखास विचारायचे. भागतं, पण उशीर होतो. केंद्रकात निरोप पोचणार, नक्कल उतरणार, कापाकापी होणार, बाहेर येणार, मग वाचन. लोह अचानक वाढलं तर तेवढा वेळ नसतो. शिवाय मेंदूच्या पेशीचा फाटा केंद्रकापासून फार लांब असू शकतो. तिथे नकला आधीच नेऊन ठेवलेल्या असतात आणि गरज लागेल तिथेच वाचल्या जातात.

ज्याची जनुकं वाईट, त्याचं सगळं ठरलेलंच ना?

काही आजारांत जनुकातला दोष जवळपास निर्णायक असतो, हे मी लपवणार नाही. थॅलेसिमियाचं वर सांगितलंच. पण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीची बाळं पाहा. जनुकातला दोष आजही तसाच आहे, तरी वेळेत औषध मिळालेली कितीतरी मुलं बसू लागली, काही चालू लागली. दैव म्हणून जे स्वीकारलं होतं, त्यात नकलेच्या पातळीवर हात घालता आला.

मग भाईंच्या इंजेक्शनचं काय?

त्याचं नाव इन्क्लिसिरान. यकृताच्या पेशींवर वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलणारे हात असतात. पीसीएसके९ नावाचं प्रथिन ते हात नष्ट करत असतं. इंजेक्शनात आरएनएचा एक छोटा तुकडा असतो. तो पीसीएसके९ च्या नकलेशी अक्षराला अक्षर जुळतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून ती नक्कल कापवून घेतो. नक्कल नाही म्हणून प्रथिन नाही, म्हणून हात शिल्लक राहतात आणि वाईट कोलेस्टेरॉल साधारण निम्म्यावर येतं. आरएनएच्या तुकड्याने नक्कल अशी गप्प करता येते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये त्याच मिलिमीटरभर अळीत दाखवलं होतं. त्यांना २००६ चं नोबेल मिळालं.

जनुक कपाटात जसंच्या तसं राहतं. त्यावरून नव्या नकला उतरतच राहतात, म्हणून तर सहा महिन्यांनी पुन्हा टोचून घ्यावं लागतं. संहिता बदलली असती तर एकदाच पुरलं असतं. आणि नातवंडांकडे काही जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पुढच्या पिढीला मिळतो तो डीएनए, यकृतातली फाडलेली नक्कल नव्हे. एमआरएनए लसींबद्दल जी भीती पसरली होती तिचंही उत्तर हेच: बाहेरून दिलेली नक्कल केंद्रकाच्या बाहेर वाचली जाते आणि थोड्या दिवसांत कुरतडली जाते. (आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड आणि कोवॅक्सिन या तर त्या प्रकारच्या नव्हत्याच.)

भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग टीचर, ते अंगभर फिरून दुसरीकडच्या नकला फाडणार नाही कशावरून?"

याहून नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. औषधाच्या तुकड्याला एक विशिष्ट साखर जोडलेली असते. ती साखर ओळखून आत घेणारी दारं मुख्यतः यकृताच्या पेशींवर असतात, म्हणून औषध तिथेच ओढलं जातं. शिवाय जुळणीची अक्षरं पीसीएसके९ च्या नकलेवर बेतून निवडलेली असतात. टोचल्या जागी लाली येणं, दुखणं हे होतं. या जातीचं पहिलं औषध २०१८ मध्ये आलं, म्हणजे पन्नास वर्षांचा अनुभव गाठीशी नाही; म्हणून डॉक्टर बोलावतील तेव्हा तपासणीला जायचं आणि चालू गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. यकृताइतकी सोपी वाट इतर अवयवांना अजून सापडलेली नाही. मेंदूसाठी आजही बहुतेक वेळा पाठीच्या कण्यातूनच जावं लागतं, आणि मोठं संशोधन सध्या या वाटांवरच चाललंय.

भाईंनी फाइलच्या मागच्या पानावर तीन ओळी लिहून घेतल्या: पहिलं आता, दुसरं तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे मंडळाच्या कपाटाला कोण हात लावत नाही."

"नाही, भाई. किल्ली तुमच्याकडेच."